किनाऱ्यावरची वाळू जाते कुठे आणि परत आणतात कशी

समुद्राने किनारा खाल्ला असं आपण सहज म्हणून जातो, पण किनारा ही मुळात एका जागी पडून राहणारी गोष्टच नाहीये. आज ज्या वाळूवर तुम्ही उभे आहात ती काही महिन्यांपूर्वी भलतीकडेच होती आणि काही महिन्यांनी तिसरीकडेच असणार आहे, तरीही किनारा आपल्याला तिथंच दिसतो कारण जेवढी वाळू गेली तेवढीच मागून आलेली असते. हा जमाखर्च जुळतोय तोवर सगळं ठीक. आवक कमी पडली की किनारा मागे सरायला लागतो, मग समुद्र पूर्वीइतकाच शांत असला तरीही. धुपेबद्दल जी चर्चा होते ती बहुतेक सगळी खर्चाच्या बाजूची असते, म्हणजे लाटा, वादळ, उधाण वगैरे, आणि जमेची बाजू कुणी विचारतच नाही, म्हणून आधी तिच्याचबद्दल.

वाळू येते कुठून? बऱ्याच किनाऱ्यांवर ती नद्यांनी आणलेली असते. डोंगरातला खडक ऊन पाऊस खाऊन फुटतो, त्याचे तुकडे नदीतून घरंगळत आदळत बारीक होत जातात, मऊ खनिजं वाटेत झिजून संपतात आणि क्वार्ट्झसारखी चिवट तेवढी समुद्रापर्यंत पोचतात. म्हणून जगातल्या इतक्या किनाऱ्यांची वाळू फिकट पिवळसर दिसते. काही ठिकाणी किनाऱ्यालगतचे कडेच ढासळून वाळू पुरवतात. ज्वालामुखीच्या बेटांवर ती काळी असते. आणि प्रवाळाच्या बेटांवर तर वाळू म्हणजे शिंपले, प्रवाळ, बारीक कवचं यांचा चुरा, ज्यातला बराचसा पॅरटफिश नावाचा मासा तयार करतो, तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खाताना प्रवाळही चावतो आणि न पचलेला चुरा बाहेर टाकतो. ती पांढरीशुभ्र मऊ वाळू यातूनच आलेली. म्हणजे तिथले मासे संपवले की हळूहळू वाळूचा पुरवठाही आटणार, हे साधं वाटतं पण लक्षात कुणाच्या येत नाही.

आता ही वाळू हलते कशी ते बघू, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. दोन प्रकारे हलते.

पहिली हालचाल समुद्राकडे आणि परत जमिनीकडे. वादळात मोठ्या, उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून आत नेतात, पण फार लांब नाही, थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट उंचवटा तयार होतो. मग पुढच्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात आणि किनाऱ्याला कमी मार बसतो. नंतर समुद्र निवळला की लहान, संथ लाटा तीच वाळू थोडी थोडी करून परत वर आणून टाकतात. म्हणून वादळानंतर दोन दिवसांनी किनारा बघून 'संपलं सगळं' म्हणणं घाईचं असतं, पुष्कळदा वाळू समोरच पाण्याखाली असते आणि काही महिन्यांत परत येते. ती खरंच गेली की नाही हे एका फोटोवरून कळत नाही, त्यासाठी त्याच मोसमात, त्याच भरतीच्या वेळी, बरीच वर्षं मोजावं लागतं.

दुसरी हालचाल किनाऱ्याला समांतर, आणि माझ्या मते सगळ्यात कमी माहिती असलेली हीच. पाण्याच्या अगदी कडेला उभं राहून एखादी वाळलेली काडी पाण्यात टाका आणि नुसती बघत रहा. लाट सहसा सरळ समोरून येत नाही, किंचित तिरकी येते, त्यामुळे काडी तिरकी वर चढते, पण पाणी ओसरताना उताराने सरळ खाली येते. पुढची लाट परत तिरकी वर, परत सरळ खाली. थोड्या वेळात काडी तुमच्यापासून बरीच बाजूला गेलेली असते. वाळूचा एकेक कण हेच करतो, दिवसरात्र, आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यात किनाऱ्याला समांतर प्रवाहही असतो तो याला आणखी हातभार लावतो. अशी वर्षाकाठी लाखो घनमीटर वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत असते. मोसमाप्रमाणे दिशा उलटसुलट होते पण वर्षाचा हिशोब केला की बहुतेक ठिकाणी एका दिशेचं पारडं जड निघतं.

एवढं कळलं की धुपेची निम्मी कोडी सुटतात.

समजा या सरकत्या वाळूच्या वाटेत कुणी समुद्रात आडवी भिंत घातली, बंदरासाठी घालावीच लागते, नाहीतर आत बोटी शांत राहणार कशा. तर वाळू भिंतीच्या एका बाजूला येऊन साचायला लागते, तिथला किनारा वर्षानुवर्षं रुंद होत जातो, आणि पलीकडच्या बाजूला लाटा आपलं काम करतच राहतात, तिथली वाळू पुढे नेतात, पण मागून नवीन येत नाही. चेन्नईचं उदाहरण पाठ्यपुस्तकात शोभेल इतकं स्पष्ट आहे. त्या बाजूच्या किनाऱ्यावर वर्षाचा हिशोब धरला तर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. १९व्या शतकाच्या शेवटच्या काळात बंदराच्या भिंती बांधल्या गेल्या, तेव्हापासून बंदराच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि आजचा मरीना बीच इतका प्रचंड रुंद झाला, तर उत्तरेला रोयापुरमच्या बाजूचा किनारा खात खात गेला. एकाच भिंतीची ही दोन टोकं, पण मरीनावर फिरायला येणाऱ्याला उत्तरेकडच्या कोळी वस्त्यांची पडझड दिसत नाही. पुदुच्चेरीतही १९८०च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्या आणि शहरासमोरचा वाळूचा किनारा जाऊन दगड उरले.

आवक तुटायचं दुसरं मोठं कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असतं, ते म्हणजे धरणं. धरणात पाण्यासोबत गाळ आणि वाळूही अडते. नाईल नदी पूर्वी दरवर्षी दहा कोटी टनांहून जास्त गाळ खाली आणायची, १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो जवळजवळ सगळा तिथंच अडायला लागला. नदीच्या रोझेटा फाट्याच्या मुखाशी समुद्रात घुसलेलं जमिनीचं टोक होतं, ते इतक्या वेगाने मागे सरलं की काही वर्षं हा वेग वर्षाला शंभर मीटरच्या आसपास होता. यात भर म्हणून नदीपात्रातून बांधकामासाठी वाळू उपसली जाते. जगात वाळू आणि खडी मिळून वर्षाला सुमारे ५० अब्ज टन वापरली जाते असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे. वाळवंटाची वाळू का नाही वापरत असं कुणीही विचारेल, तर तिचे कण वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत आणि फार बारीक झालेले असतात, काँक्रीटमध्ये ते नीट धरत नाहीत. त्यामुळे सगळ्यांचा डोळा नदीच्या आणि समुद्राच्या वाळूवर. नदीतून गेलेला प्रत्येक डंपर म्हणजे कुठल्यातरी किनाऱ्याची थांबलेली आवक आहे, फक्त ती उणीव दिसायला काही वर्षं जातात आणि तोवर डंपर आणि किनारा यांचा संबंध कुणाला आठवत नाही.

सगळे किनारे खचतायत असं मात्र नाही. १९८४ ते २०१६ या काळातले उपग्रहाचे फोटो तपासून केलेल्या एका जागतिक अभ्यासात वाळूच्या किनाऱ्यांपैकी २४ टक्के किनारे वर्षाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेगाने मागे सरत होते, २८ टक्के उलट वाढत होते आणि ४८ टक्के जिथल्या तिथे होते. म्हणजे प्रश्न वाळू संपल्याचा कमी आणि ती भलत्या जागी अडल्याचा जास्त आहे, निदान आतापर्यंत तरी.

मग किनारा खचतोय म्हटल्यावर पहिली मागणी काय येते? दगडी भिंत घाला. ही मागणी समजण्यासारखी आहे, ज्याचं घर पाण्यापासून दहा पावलांवर आलंय त्याला वाळूचा प्रवास समजावून काय उपयोग, त्याला आज रात्रीची भरती काढायची असते. भिंतीने तिच्यामागची जमीन वाचतेही. पण समोरचा किनारा वाचत नाही, कारण लाट वाळूच्या उतारावर चढताना हळूहळू दमते तशी उभ्या भिंतीवर दमत नाही, आपटून माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. शिवाय भिंतीमागची जमीन बंद झाल्याने तिच्यातून मिळणारी वाळूही बंद. आणि भिंत जिथं संपते त्या टोकाला धूप वाढते, मग तिथला माणूस म्हणतो आमच्याकडेही घाला, आणि भिंत लांबत जाते. टेट्रापॉड, म्हणजे काँक्रीटचे चार पायांचे ठोकळे, टाकले तर लाट थोडी जिरते पण वाळू काही त्यातून तयार होत नाही. किनाऱ्याला काटकोनात छोटे बांध घालतात त्यांचंही तेच, ते आपल्या बाजूला वाळू अडवतात म्हणजे शेजाऱ्याची अडवतात. मला याचा राग येतो तो अशासाठी की हे सगळं इंजिनिअरांना शंभर वर्षं तरी माहिती आहे आणि तरीही तुकड्यातुकड्याने, वॉर्डनिहाय, भिंती घातल्या जातात, जणू समुद्राला वॉर्डची हद्द कळते.

दुसरा मार्ग म्हणजे सरळ वाळू आणून टाकणे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२२-२३ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर केलं गेलं, नंतर ते जगभर पसरलं. वाळू शक्यतो समुद्रातूनच घेतात, किनाऱ्यापासून पुरेसं लांब, पुरेशा खोल पाण्यातून, कारण जवळून उपसली तर तो खड्डा भरायला किनाऱ्याचीच वाळू घसरून येणार.

हे काम जवळून बघण्यासारखं असतं. ड्रेजर जहाज तळावर जाड पाइप सोडून सावकाश पुढे जात वाळू आणि पाणी एकत्र ओढतं आणि पोटातल्या टाकीत भरतं, जास्तीचं पाणी सांडून जातं, वाळू खाली बसते. टाकी भरली की जहाज किनाऱ्याकडे येतं. उथळ पाण्यात थेट तळाची दारं उघडून वाळू सोडता येते, किंवा जहाजाच्या पुढच्या तोंडातून मोठ्या कमानीत वाळूमिश्रित पाणी उडवता येतं, किंवा तरंगत्या आणि तळावरून टाकलेल्या लांबलचक पाइपाने ते किनाऱ्यावर सोडतात. पाइपाच्या तोंडाशी करडं, घट्ट पाणी धबाधबा पडत असतं, त्यात वाळूपेक्षा पाणीच जास्त, मधूनच शिंपल्यांचे तुकडे खडखडत येतात, पाणी वाहून जातं, वाळू मागे राहते आणि बुलडोझर ती ढकलून पसरवत पुढे जातात, मग पाइपाला आणखी एक तुकडा जोडायचा आणि पुन्हा तेच. सुरुवातीला ही वाळू मूळ किनाऱ्यापेक्षा काळपट दिसते, उन्हापावसाने नंतर फिकी होते.

किती वाळू लागते याचा अंदाज लोकांना नसतो म्हणून एक ढोबळ गणित करून बघू. समजा एक किलोमीटर लांबीचा किनारा तीस मीटरने रुंद करायचाय. आपल्याला वाटतं वरवर थर टाकला की झालं, पण किनारा पाण्याखालीही उतरत गेलेला असतो आणि लाटा जिथपर्यंत तळाची वाळू हलवतात तिथपर्यंतचा सगळा उतार पुढे सरकवावा लागतो. वरचा दोन मीटर आणि पाण्याखालचा सहा मीटर असा आठ मीटर उंचीचा उतार धरला तर १००० गुणिले ३० गुणिले ८ म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर. दहा घनमीटरच्या डंपरने आणायची तर २४ हजार खेपा. म्हणून जहाजं लागतात.

आणि यातूनच एक मोठा गैरसमज होतो. वाळू टाकताना ती बहुतेक वेळा वरच्या कोरड्या भागात टाकतात, किनारा एकदम रुंद दिसतो, सगळे खूश, मग पहिल्याच वादळी मोसमात त्यातली बरीच वाळू पाण्याखाली उतरते आणि लोक म्हणतात पैसे वाहून गेले. खरंतर ती त्या पाण्याखालच्या उतारात जाऊन बसलेली असते, जिथं जाणं अपेक्षितच होतं आणि हिशोबात धरलेलं होतं, आणि तिथं बसून ती लाटा लवकर फोडतेय. हे काम सुरू करायच्या आधीच लोकांना सांगायला हवं, नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

कणांचा आकार हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वाळू म्हणजे साधारण ०.०६ ते २ मिलिमीटरचा कण, पण त्यातही फरक केवढा. जाड वाळू उभ्या उतारावर टिकते, बारीक वाळू पसरट उतार मागते. मूळ किनाऱ्यापेक्षा बारीक वाळू आणून टाकली तर लाटा ती भराभर आत नेतात, पाणी गढूळ होतं, आणि जाड टाकली तर उतार उभा होतो आणि लाट अगदी पायाशी येऊन जोरात फुटते. म्हणून मूळ वाळूशी जुळणारी शोधावी लागते, ती नेहमी मिळतेच असं नाही, आणि जवळची चांगली वाळू आधीच्या खेपांत संपली की पुढच्या वेळी लांब जावं लागतं, खर्च वाढतो. पुढची वेळ येतेच. आवक का तुटली याचं कारण जागच्या जागी असेल तर टाकलेली वाळूही त्याच वाटेने जाणार, काही ठिकाणी तीन-चार वर्षांत, काही ठिकाणी दहा वर्षांत. मेक्सिकोच्या कानकूनला २००५ साली विल्मा चक्रीवादळाने किनारा नेला, २००६ मध्ये वाळू टाकली, आणि थोड्याच वर्षांत ते काम परत हाती घ्यावं लागलं.

नेदरलँड्सने हे वारंवारचं टाकणं धोरण म्हणूनच स्वीकारलंय. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे त्यामुळे त्यांना पर्यायच नाही. १९९० मध्ये त्यांनी ठरवलं की किनारारेषा आहे तिथून मागे जाऊ द्यायची नाही, आणि २००१ पासून दरवर्षी साधारण १.२ कोटी घनमीटर वाळू ते टाकत आले, बरीचशी तर पाण्याखालीच, लाटा आणतील वर म्हणून. मग २०११ मध्ये त्यांनी वेगळा प्रयोग केला. थोडी थोडी ठिकठिकाणी टाकण्यापेक्षा तेर हाइडे आणि काइकडाउन यांच्या मधे एकाच जागी २.१५ कोटी घनमीटर वाळूचं हुकासारखं वळलेलं टोक समुद्रात उभं केलं, त्याला सँड मोटर म्हणतात. कल्पना अशी की वारा, लाटा आणि प्रवाह पुढची वीसेक वर्षं ही वाळू दोन्ही बाजूंना स्वतःच पोचवतील आणि तेवढा काळ तिथल्या तळातल्या जीवांना परत परत गाडलं जाणार नाही. इंग्लंडमध्ये बॅक्टनला २०१९ साली याच धर्तीवर, आकाराने बरंच छोटं, १८ लाख घनमीटरचं काम झालं.

मला स्वतःला मात्र सगळ्यात पटतो तो ऑस्ट्रेलियातला ट्वीड नदीच्या मुखाचा उपाय, कारण तो थेट दुखण्याच्या मुळाशी जातो. तिथं १९६०च्या दशकात नदीच्या मुखाच्या भिंती समुद्रात आणखी पुढे नेल्या, बोटींची सोय झाली, पण उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि पलीकडचे गोल्ड कोस्टचे किनारे खंगले, त्यात १९६७च्या लागोपाठच्या वादळांनी आणखी वाट लावली. शेवटी २००१ मध्ये दक्षिणेच्या बाजूला समुद्रात साधारण ४५० मीटर लांब धक्का उभारून त्याखाली वाळू ओढणारे पंप बसवले. येणारी वाळू पंपांच्या खड्ड्यात पडते, तिथून ती पाइपाने नदीच्या खालून पलीकडे नेऊन सोडतात, वर्षाला साधारण पाच लाख घनमीटर, म्हणजे निसर्ग जेवढी नेत होता जवळपास तेवढीच. सुरुवातीच्या वर्षांत मागचा तुटवडा भरून काढायला जास्त पाठवली तेव्हा किरा नावाचा किनारा इतका रुंद झाला की तिथली नावाजलेली लाट बिघडली आणि सर्फिंग करणारे चिडले. म्हणजे वाळू जास्त झाली तरी कुणाचं तरी नुकसान असतंच. पण बंदराची भिंत घालायचीच असेल तर वाळू पलीकडे पोचवायचा खर्च बंदराच्याच बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून असला पाहिजे, हे मला अगदी ठामपणे वाटतं. नफा भिंतीच्या आतल्यांना आणि धूप पलीकडच्या गावाला, हे चालवून घेऊ नये.

वाळूत राहणाऱ्या जीवांबद्दलही सांगायलाच हवं. ओली वाळू निर्जीव दिसते पण तिच्यात किडे, छोटे शिंपले, खेकडे असतात, त्यांच्यावर पक्षी आणि मासे जगतात, आणि वर मीटरभर वाळू आली की ते गाडले जातात. शेजारच्या पट्ट्यांतून ते परत येतात, पण वेळ लागतो, म्हणून सगळा किनारा एका दमात न भरता मधे पट्टे सोडणं चांगलं. समुद्री कासवांचं तर आणखी नाजूक. वाळू फार दाबली गेली तर मादीला खड्डा खणता येत नाही, पाण्याजवळ वाळूची उभी कड तयार झाली तर ती वर चढू शकत नाही, आणि घरट्याच्या तापमानावर पिल्लं नर होणार की मादी हे ठरतं, त्यामुळे गडद रंगाची, जास्त तापणारी वाळू आणली तर तेही बिघडतं. विणीच्या मोसमात काम बंद ठेवणं हा अगदी किमान नियम.

आणि वाळूच्या टेकड्या. किनाऱ्याच्या मागे वाऱ्याने जमलेल्या या टेकड्या म्हणजे साठवलेली शिल्लक, मोठ्या वादळात लाटा तिथून वाळू उचलतात आणि मागची जमीन वाचते. मर्यादवेलीसारख्या वेली आणि गवत ती वाळू धरून ठेवतात. समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट करणं, वेली उपटून लॉन लावणं, हे बघून जीव तुटतो, कारण टेकडी तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि जेसीबीला एक दुपार.

आता राहिली समुद्राची वाढती पातळी. १९६२ मध्ये पेर ब्रुन या किनारा अभियंत्याने एक ढोबळ नियम मांडला, पाणी जेवढं चढेल त्याच्या साधारण पन्नास ते शंभरपट वाळूचा किनारा मागे सरेल. नियमावर पुष्कळ आक्षेप आहेत, प्रत्येक किनाऱ्याला तो लागू पडत नाही, पण दहा सेंटिमीटर चढण्याचा अर्थ पाच-दहा मीटर जमीन असा होऊ शकतो हे त्यातून कळतं. सगळीकडे कायम वाळू टाकत राहणं कुठल्याच देशाला परवडणार नाही, त्यामुळे काही ठिकाणी मागे सरणं हाच उपाय उरतो, आणि तो वेळेवर केला तर जमतोही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं केप हॅटरसचं दीपगृह १८७० मध्ये समुद्रापासून सुमारे दीड हजार फुटांवर बांधलं होतं, शंभर वर्षांत समुद्र १२० फुटांवर आला, भिंती घालून बघितल्या, वाळू टाकून बघितली, आणि शेवटी १९९९ मध्ये अख्खं दीपगृह उचलून रुळांवरून २९०० फूट हलवलं. घरांसाठी त्याच राज्यात साधा हिशोब आहे. किनारा वर्षाला जितका मागे सरतो त्याच्या किमान तीसपट अंतर सोडायचं, तेही पाण्यापासून नाही तर जिथून कायमचा झाडोरा सुरू होतो त्या रेषेपासून. धूप वर्षाला दोन फूट असेल तर साठ फूट, पाच फूट असेल तर दीडशे, आणि इमारत मोठी असेल तर त्याहून जास्त.